पाण्यातला पाय

पाय सरळ वर न्यायचा, वर धरून दहापर्यंत मोजायचं, मग तितक्याच सावकाश खाली आणायचा. डॉक्टरांनी सांगितलेली कसरत एवढीच होती. सकाळी तीस वेळा, संध्याकाळी तीस वेळा. मोजायचं काम माझ्याकडे होतं, कारण घरात लिहिता येणारा मी एकटाच. सातवीपर्यंत शिकलो होतो आणि त्याचा तोरा अख्ख्या मुरबे गावात मिरवत होतो.

पाय माझ्या दादाचा होता. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. बाप गेल्यापासून आमच्या बोटीचा तांडेल तोच. म्हणजे सुकाणू त्याच्या हातात, कुठे जायचं आणि कधी परतायचं हे ठरवणारं तोंड त्याचं, आणि बोटीवरच्या पाच माणसांचे जीवही त्याच्याच भरवशावर. मी त्या पाचांतला एक, साधा खलाशी. तांडेल म्हणून तो चांगला होता हे मी आज कबूल करतो. तेव्हा करत नव्हतो. मला वाटायचं, हा वाऱ्याला भितो, मासळी लागायच्या वेळेला बोट वळवतो. मी चोवीस वर्षांचा होतो आणि जगातलं सगळं मलाच कळत होतं.

तारापूरला अणुवीज केंद्राचं काम निघालं होतं, त्या सुमाराची ही गोष्ट. होळी होऊन गेली होती. एका दुपारी आम्ही बोट किनाऱ्यावर चढवत होतो. खाली ओंडके टाकलेले, दोन्ही बाजूंना माणसं लागलेली. एक ओंडका निसटला आणि बोट कलली. दादाचा डावा पाय घोट्यापर्यंत चिखलात रुतला होता. अंग वळलं, पाय वळला नाही. मी त्याच्या शेजारीच होतो. गुडघ्यातून जो आवाज आला तो मी ऐकला. ताण बसून ओला दोर तुटतो, तसा.

आधी गावातल्या हाड बसवणाऱ्याने तेल चोळलं, लेप घातला. सूज उतरली, पण गुडघा भरवशाचा राहिला नाही. धड चालता चालता मध्येच लचकायचा आणि दादा भिंत धरायचा. वहिनीचे मामा मुंबईला एका मोठ्या इस्पितळात कामाला होते. त्यांच्या ओळखीने तिथल्या डॉक्टरांना पाय दाखवला. त्यांनी गुडघा इकडून तिकडे हलवून पाहिला आणि सांगितलं, आतला बंध तुटलाय, फाडून शिवावा लागेल. एका कागदावर दादाचा अंगठा घेतला आणि दोन दिवसांनी ऑपरेशन केलं. मग मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर, दोन महिने.

ज्येष्ठात प्लास्टर कापलं तेव्हा आतून निघालेला पाय दादाचा वाटेना. मांडी सुकवलेल्या बोंबलासारखी झाली होती. वहिनीने तोंड फिरवलं. डॉक्टरांनी शिंप्याकडे असते तशी टेप काढली, आधी उजवी मांडी मापली, मग डावी. डावी दोन इंच कमी भरली.

"गुडघा मी शिवलाय," ते म्हणाले, "पण गुडघ्याला सांभाळते ती मांडी. ती मला बनवता येत नाही. ती तुम्ही घरी बनवायची."

त्यांनी मला एक छापील कागद दिला. त्यावर चौकोन होते, दर दिवसाला दोन. पायाला वजन बांधायचं, पहिल्या आठवड्यात एक पौंड, मग दर आठवड्याला एकेक वाढवायचा, आणि रोज जितक्या वेळा पाय उचलला तो आकडा चौकोनात लिहायचा. दहा पौंड धड उचलायला लागला म्हणजे बोटीवर जाऊ शकता, असं ते म्हणाले. दादाने विचारलं, नारळी पौर्णिमेला का? डॉक्टरांनी बोटांवर आठवडे मोजले. कागद रोज नेमाने भरला तर जमेल, म्हणाले. पौर्णिमेनंतर पाय दाखवायला यायचं ठरलं.

दादाला कोणी बोलून दाखवलं नव्हतं, पण त्यालाही माहीत होतं आणि मलाही. पौर्णिमेला नारळ वाहिला की दुसऱ्या दिवशी बोटी दर्यात जातात. तोवर पाय उभा राहिला तर तांडेल तो. नाही राहिला तर सुकाणू माझ्याकडे, आणि एकदा हात बदलला की तो परत बदलत नाही. लंगड्या तांडेलाबरोबर जायला खलाशी तयार होत नाहीत. त्यांनाही पोरंबाळं असतात.

निघताना मी डॉक्टरांना विचारलं होतं, पाण्यात पाय हलवला तर चालेल का? आम्ही खाडीकाठची माणसं, पाण्याशिवाय आम्हाला दुसरं काय सुचणार? चालेल, ते म्हणाले, बरंच वाटेल, पण वजन उचलणं चुकवू नका. त्यांच्या बोलण्याचे असे दोन तुकडे होते. पुढे आम्ही त्यातला पहिला तेवढा कामाला आणला.

सुरुवात मात्र आम्ही इमानाने केली. वहिनीने फाटक्या शिडाच्या कापडाची पिशवी शिवली. मी जुन्या जाळ्याची शिशाची वजनं सोडवून तीत भरली आणि वाण्याच्या काट्यावर तोलून आणली. घरात पलंग नव्हता, आणि पाय तर लोंबता हवा. म्हणून मिठाची लाकडी पेटी ओटीवर आणून ठेवली. दादा पेटीवर बसायचा, मी समोर जमिनीवर, मांडीवर कागद.

दादाला सावकाश उचलणं जमायचं नाही. जन्मभर जाळं ओढलेला माणूस. जाळं ओढताना जो ठेका धरायचा त्याच ठेक्यावर तो पाय झटक्यात वर न्यायचा आणि धपकन सोडायचा. मी सांगायचो, दादा, झटका नको, धरून ठेव. तो धरायचा. मी मोजायचो. चारपाशी मांडी थरथरायला लागायची, सहापाशी त्याच्या कपाळावर घाम, आठपाशी मला शिव्या. तुला मोजायला काय जातं, म्हणायचा. खरंच, मला काय जात होतं? वहिनी चुलीपाशी हात थांबवून बसायची. तिला माझे आकडे ऐकवायचे नाहीत, पण उठून जाताही यायचं नाही.

तिसऱ्या आठवड्यात तीन पौंड बांधले आणि पाय वर जाईना. अर्ध्यावर जायचा आणि पडायचा. दादाने दोन्ही हातांनी मांडी धरून उचलून पाहिली. मी म्हटलं, हातांनी नको. तेव्हा तो रडायला लागला. बाप गेला तेव्हाही मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. मोठ्या भावाला रडताना पाहणं फार वाईट. कुठे बघावं ते कळत नाही. मी पिशवी सोडली आणि म्हटलं, चल, खाडीवर जाऊ.

हे माझ्याच डोक्यातून निघालं. दुसऱ्या कोणाच्या माथी ते मारता येणार नाही.

भरती होती. पावसाळ्यात दर्यात कोण उतरतो, पण खाडीतलं पाणी गावच्या बाजूला शांत असतं. त्याला धरून मी छातीभर पाण्यात नेलं. तिथे त्याने पाय उचलला आणि तो वर आला. आपसूक. पुढे गेला, मागे गेला, गुडघ्यात वाकला, सरळ झाला. दादाने माझ्याकडे पाहिलं. चार महिन्यांत तो पहिल्यांदा हसला.

"हालतो रं," तो म्हणाला. "बघ, हालतो."

त्या दिवसापासून आम्ही भरतीची वेळ बघून खाडीवर जायला लागलो. तो पाण्यात उठाबशा काढायचा, लाथा मारायचा, पोहत मधल्या प्रवाहापर्यंत जाऊन यायचा. पिशवी ओटीवरच्या खुंटीला लटकत राहिली. पहिले दोन दिवस मी म्हटलं, उद्या दोन्ही दिवसांची मिळून कसरत करून घेऊ. मग ते म्हणणंही सोडलं. रोज संध्याकाळी दोन्ही चौकोनांत मात्र तीस लिहीत होतो, आणि आठवडा बदलला की वर पौंड वाढवत होतो. अक्षर माझं चांगलं होतं. शेवटी शेवटी तो कागद इतका नेटका दिसायचा की तो पाहून माझाच त्याच्यावर विश्वास बसायला लागला.

आमच्या अकलेला हसायच्या आधी एक समजून घ्या. बोटीची फळी बदलली, भेगा भरल्या, तेल दिलं, तरी काम धड झालं की नाही हे आम्ही जमिनीवर कधी ठरवत नाही. बोट पाण्यात घालतो. पाण्यात टिकली तर ती बरी झाली. बापजाद्यांपासून असंच चालत आलं. दादाचा पायही आम्ही असाच पाण्यात घालून पाहिला. पाण्यात तो टिकत होता. बोटीला पाणी उचलतं आणि माणसालाही पाणीच उचलतं, एवढी साधी गोष्ट गावात एकाच्याही डोक्यात आली नाही. बायका धुणी थांबवून त्याच्या लाथा बघायच्या आणि वहिनीला सांगायच्या, तुझा नवरा बरा झाला ग. वहिनी त्या दिवसांत अंगाने जरा भरली होती.

एकाच्या डोक्यात आलं होतं, हे सांगायला हवं. आमच्या बोटीवर एक म्हातारा खलाशी होता, बापाच्या वेळचा. आम्ही त्यांना काका म्हणायचो. ते एकदा काठावर जाळं विणत बसले होते. दादा पाण्यात होता. काका माझ्याकडे न बघताच म्हणाले,

"सुक्या जमिनीवर उभा करून बघितलास काय त्याला?"

मला राग आला. खऱ्या गोष्टीचा राग लवकर येतो. मी म्हटलं, "तुमी डॉक्टर हाव काय, काका?" त्यांनी मान खाली घातली आणि परत विणायला लागले. त्यानंतर पायाबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत.

पौर्णिमेला आठ दिवस उरले असताना आम्हाला खाडीवर जायला उशीर झाला. ओहोटी लागली होती. पाणी जेमतेम पोटरीपर्यंत. दादा म्हणाला, आलोय तर चार उठाबशा काढतो. माझ्या खांद्यावर हात ठेवून तो खाली बसायला लागला आणि अर्ध्यावर डावा पाय थरथरला. थरथरला म्हणजे कसा, तर मला तो खांद्यातून जाणवला. त्याची नखं माझ्या खांद्यात रुतली. पाय बाहेरच्या बाजूला वळायला लागला. त्याने उजव्या पायावर भार घेतला आणि कसाबसा उभा राहिला.

"पाणी उतरलंय," तो म्हणाला. "मजा नाय."

मी हो म्हटलं. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. तांडेल खलाशाकडे बघतो तसं ते बघणं नव्हतं. आजारी माणूस औषध देणाऱ्याकडे बघतो तसं होतं. कागद माझ्याकडे होता ना.

"जमंल ना रं?" त्याने विचारलं.

आता लिहिताना मी इथेच पुन्हा पुन्हा अडतो. माझ्या मनात त्या वेळी काय होतं? त्याची कणव होती. आता नाही म्हटलं तर हा मोडेल, असं वाटलं. हे खरं आहे. पण आणखी एक गोष्ट होती. हो म्हटलं आणि दर्यात त्याचा पाय मोडला तर सुकाणू माझं, हेही मला त्याच क्षणी आठवलं. मला तांडेल व्हायचं होतं का? होतं. लहानपणापासून. मी मुद्दाम खोटं बोललो असं मी म्हणणार नाही, आणि नाही बोललो असंही म्हणणार नाही. दोन्ही गोष्टी एकाच शब्दात मावत होत्या आणि मी तो शब्द बोललो.

"जमंल, दादा."

पौर्णिमा झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी बोट पाण्यात लोटली. वहिनीने सुकाणूला हळदकुंकू लावलं. काठावर अख्खा गाव. दादा काठी न घेता चालत आला, जरा दबकत, पण आला. बोटीवर चढताना मी हात पुढे केला, तो त्याने घेतला नाही. सुकाणूपाशी गेला, नेहमीसारखा डावा पाय टेकून उभा राहिला आणि मांडीने दांडा दाबला. आमच्याकडे तांडेल असाच उभा राहतो, जोर असतो तो सगळा त्या एका पायात. शिवलेला पाय नेमका तोच होता. मला हे सारं माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं.

खाडीतून बाहेर पडेपर्यंत ठीक चाललं. मुखाशी खाडीचं पाणी आणि दर्याचं पाणी एकमेकांवर येतं, तिथे पहिली लाट आली आणि बोट उचलली गेली. दादाने नीट घेतली. दुसऱ्या लाटेला बोट खाली बसली आणि मी तो आवाज पुन्हा ऐकला. मी बोटीच्या तोंडाशी होतो, तो पाठीमागे. मधे वारा, पाणी आणि चार माणसांचा आरडाओरडा, तरी ऐकू आला. ओळखीचा आवाज होता तो.

दादा दांड्यावर कोसळला. बोट आडवी झाली. पुढची लाट सरळ आत आली, टोपल्या, दोर, सगळं तरंगायला लागलं. मी कसा मागे पोहोचलो आठवत नाही. काकांनी दादाला बगलेत धरून बाजूला ओढलं आणि मी दांडा धरला. बोट वळवली. कोणी बुडालं नाही, कोणाला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. गावात हे पुढे कित्येक वर्षं माझ्या कौतुकाने सांगत. परत येईपर्यंत दादा ओल्या जाळ्यांवर पडून होता. तो कण्हत नव्हता. नुसता माझ्या हातांकडे बघत होता.

पहिल्याच दिवशी रिकामी परतलेली बोट बघून काठावरची माणसं जागच्या जागी थांबली. वहिनी मात्र पाण्यात शिरली, कमरेइतक्या, आणि तशीच उभी राहिली.

चार दिवसांनी आम्ही दोघं मुंबईला गेलो. डॉक्टरांनी गुडघा पाहिला. मग मी कागद पुढे केला. का नेला होता तो, देव जाणे. न्यायचा असतो म्हणून नेला. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला, टेप काढली, उजवी मांडी मापली, डावी मापली. पुन्हा डावी मापली. डावी अजून पावणेदोन इंच कमी होती.

"हा कागद कोणी भरला?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, "मी."

 डॉक्टरांनी पेशंटची कागदपत्रं उघडली, ऑपरेशनच्या आधी घेतलेला अंगठा होता ते पान काढलं, आणि तो निळा अंगठा आणि माझं वळणदार अक्षर शेजारी शेजारी ठेवलं. मग माझ्याकडे पाहिलं. तुम्ही यांचे कोण, विचारलं. भाऊ, मी म्हटलं. धाकटे? हो. त्यांनी मान हलवली आणि दोन्ही कागद मिटून ठेवले. पुन्हा शिवण्यासारखं आत काही उरलं नाही, असं त्यांनी दादाला समजावून सांगितलं. पट्टा बांधून, काठी घेऊन चालता येईल. बोटीचं नाव काढायचं नाही.

पुढे दादा बोईसरला एका गोदामावर पहारेकरी म्हणून लागला. बाहेरगावाहून कामाला आलेले मजूर त्याला 'लंगडे चाचा' म्हणून हाक मारायचे. तो ओ द्यायचा. सुट्टीला गावी आला की भरती बघून खाडीवर जायचा आणि छातीभर पाण्यात नुसता उभा राहायचा. तिथे त्याला दोन्ही पाय होते. बोट मी एकतीस वर्षं चालवली. चांगली चालवली असं म्हणतात.

पण मला सांगायचं आहे ते त्या दिवशीचं, मुंबईहून परततानाचं. पालघरला उतरलो, गाडीने सातपाटीला आलो आणि खाडी ओलांडायला होडीत बसलो.  होडी अर्ध्यावर आली तेव्हा त्याने हात बाहेर काढून पाण्यात सोडला आणि पाण्याकडे बघतच म्हणाला,

"सुकाणू पायजे व्हतं तर मागायचं. दिलं असतं मी."

रागाने म्हणाला असता तर मला बरं वाटलं असतं. मी भांडलो असतो, तुझ्यासाठीच केलं म्हणालो असतो, आणि ते निम्मं खरंही होतं. पण त्याच्या आवाजात राग नव्हता.  मुरब्याची बाजू आली. पाणी उतरलं होतं, समोर चिखल होता, आणि काठीचं टोक चिखलात रुतत होतं. मी चिखलात उतरलो आणि त्याच्यापुढे पाठ करून वाकलो. तो थोडा वेळ तसाच बसून राहिला. मग त्याने माझ्या गळ्यात हात टाकले. टाकावेच लागले.